या पत्त्यावर राहत नाहीत

ता. २० जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. ट्रकवाल्याने कपाटाच्या आरशाचा कोपरा उडवला आणि वर मलाच म्हणाला, "बाई, तो आधीपासूनच फुटका होता." तुझ्यासारख्या जावेला बावीस वर्षं तोंड दिलेली मी, पण त्याच्यापुढे गप्प बसले. दमले होते.

जागा चांगली आहे. तिसरा मजला, नळाला दिवसभर पाणी, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. खाली भाऊजींचं दुकान नाही, त्यामुळे पन्नास घड्याळांची टिकटिक नाही. यांना पहिले दोन दिवस त्यामुळे झोप लागली नाही म्हणे. मला लागली. बारकीला मात्र करमत नाही. वीस वर्षांची घोडी झाली, तरी काकाच्या दुकानात त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायची सवय काही सुटत नाही. जेवतानाही तोंड वाकडं.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिकडच्या पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज देऊन आले. आता आमचं टपाल तुमच्या दारापर्यंत येणारच नाही. पोस्टातच त्याच्यावर नव्या पत्त्याची पट्टी लागेल आणि ते इकडे येईल. सहा महिने तशी सोय आहे. म्हणजे पत्रांच्या निमित्तानेही तुला माझं नाव घ्यायला नको.

सासूबाई गेल्या त्या दिवशी, घर भरलेलं असताना तू म्हणालीस, "वहिनींनी आईंचं अंथरूण एकदा तरी बदललं का, विचारा." ते मी विसरले नाही. मला माझी बाजू मांडायची नाही. फक्त विसरले नाही, एवढं सांगते.

भाऊजींच्या डोळ्याचं काय झालं? त्यांना आशीर्वाद. हे पत्र तिकडे निघालेल्या शेजाऱ्यांच्या हाती देते आहे.

वहिनी


ता. ३ मार्च

ति. वहिनींना,
सा. न.

तुम्ही गेल्यापासून आमच्या दारात पोस्टमन चढलेला नाही. आधी वाटलं, आम्हाला कोण लिहिणार? पण विजेचं बिल नाही, माझ्या मावशीचं पत्र नाही, सुट्या भागांच्या दुकानाची यादी नाही. काल पोस्टमन रस्त्यात भेटला. म्हणाला, "तुमचं सगळं पुढे जातं ना आता?" पुढे म्हणजे कुठे? तर तुमच्याकडे.

यांच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे, हे तुम्ही निघालात तेव्हाच कळलं होतं. तो भिंग लावायचा डोळा. शस्त्रक्रियेची तारीख इस्पितळ पत्राने कळवणार होतं. हे रोज म्हणतात, "मोठं इस्पितळ आहे, वेळ लागतो." मी वाट बघून थकले.

तुमच्याकडे आमचं काही आलं असेल तर कोणाच्या तरी हाती पाठवा, टपालाने पाठवलंत तर पुन्हा तुमच्याकडेच येईल. तुमच्या दारात येऊन मागणार नव्हते, म्हणून लिहिते आहे.

धाकटी


ता. १९ मार्च

चि. धाकटीस,

शेजाऱ्यांच्या हाती गठ्ठा पाठवते आहे. पोस्टाचा घोळ दिसतो. सगळं एकदम आलं, तेही परवा. आल्या आल्या सुतळीने बांधून ठेवलं. मी कोणाची पत्रं उघडत नाही, हे तुला ठाऊक आहे.

एक सांगू? "दारात येऊन मागणार नव्हते" हे लिहिलं नसतंस तरी चाललं असतं.

वहिनी


ता. २८ मार्च

वहिनी,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

गठ्ठा मिळाला. त्यात इस्पितळाचं पाकीट आहे. न उघडलेलं, खरं आहे. त्याच्या पाठीवर तुमच्या पोस्टात पोचल्याचा शिक्का आहे: ९ फेब्रुवारी. आत तारीख आहे: २४ फेब्रुवारी, सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी. तुम्ही ते पाठवलंत १९ मार्चला. आणि म्हणता, परवा आलं.

मी यांना घेऊन इस्पितळात गेले. तिथली नर्स वही बघून म्हणाली, "दोनदा नाव पुकारलं, मग पुढच्या माणसाला आत घेतलं." आता पुढची तारीख जुलैत. डॉक्टर म्हणाले, "या आजारात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची असते." हे खाली मान घालून ऐकत होते, जणू यांचीच चूक.

तिथून मी पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाईंनी तुमचा अर्ज काढून दाखवला. त्यात दोन चौकोन असतात. एक 'फक्त अर्जदार', दुसरा 'संपूर्ण कुटुंब'. तुम्ही दुसऱ्यावर खूण केलीत. आडनाव एक, पत्ता एक. पोस्टाने आम्हालाही उचलून तुमच्याकडे पाठवलं. बाई म्हणाल्या, "आम्हाला काय माहीत, एका घरात चुली दोन आहेत ते?" मी लगेच आमच्यापुरता अर्ज देऊन आले.

खूण चुकून झाली असेल. सोडते. पण पाकीट पाच आठवडे तुमच्या घरात होतं. त्यावर इस्पितळाचा शिक्का होता आणि तुम्हाला वाचता येतं.

माझ्या नवऱ्याचा डोळा गेला तर तुमचंही काही तरी जाईल. हे मी रागात लिहीत नाही. राग परवाच संपला.

धाकटी


ता. ९ एप्रिल

धाकटे,

जिभेला हाड नाही, हे माहीत होतं. आता लेखणीलाही नाही, हे कळलं. शिक्के पोस्टवाले कसेही मारतात. मी सख्ख्या दिराचं वाईट चिंतीन का? लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत होते. त्यांची बटणं मी लावून दिली आहेत.

या विषयावर मी पुन्हा लिहिणार नाही.

वहिनी


ता. २ ऑगस्ट

ति. वहिनींना,
सा. न. वि. वि.

१८ जुलैला यांची शस्त्रक्रिया झाली. डोळा राहिला, नजर गेली. आता टेबलावर बारीक स्क्रू सांडला की हे तो बोटांनी चाचपत बसतात. उजव्या डोळ्याला भिंग लावून बघतात, पण हात डाव्या डोळ्याच्या सवयीचा. परवा एका म्हाताऱ्याचं घड्याळ यांनी न उघडताच परत दिलं. म्हणाले, "हे माझ्याच्याने होणार नाही." बावीस वर्षांत हे वाक्य मी यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हे तुम्हाला काही लिहीत नाहीत. मी लिहिते.

दुसरं असं, की तुमच्या अर्जाचे सहा महिने १५ जुलैला संपले. तुमचं टपाल पुन्हा इथे यायला लागलं आहे. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, अशा वेळी घरातल्या माणसाने पाकीट न उघडता त्यावर नवा पत्ता लिहून पेटीत टाकायचं, नवं तिकीटसुद्धा लागत नाही. किती सोपं आहे! तुम्ही मुळीच काळजी करू नका. एकेका पत्राची मी नीट व्यवस्था लावते.

सगळ्यांना नमस्कार. बारकीला आशीर्वाद. ती काकाला बघायला एकदाही आली नाही. तिलाही तुम्ही अडवलं असेल.

धाकटी


ता. ८ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

भाऊजींचं वाचून चार दिवस घास गोड लागला नाही. काय लिहावं सुचेना, म्हणून उशीर झाला.

तुझं पत्र आल्यापासून वाट बघते आहे, पण आमचं एकही पत्र आलेलं नाही. माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. तारीख कळवतो म्हणाला होता. यांच्या पेन्शनच्या कचेरीकडून हयातीचा फॉर्म यायचा होता. इथल्या पोस्टात विचारलं तर म्हणतात, मुदत संपण्याआधी वाढवायला हवी होती, आता जुन्या पत्त्याच्या पोस्टात जाऊन नवा अर्ज द्या. माझ्या गुडघ्यांना तेवढा प्रवास झेपत नाही आणि यांना घरातून काढायचं म्हणजे देव उठवायचा.

पत्रं तुझ्याकडे येतात ना? तू इकडे पाठवतेस ना? कुठे अडतंय?

वहिनी


ता. १६ सप्टेंबर

ति. वहिनींना,
सा. न.

येतात ना! आठवड्याला चार-पाच. अडत कुठेच नाहीत.

मी प्रत्येक पाकीट घेते, लाल पेनाने पत्त्यावर एक रेघ मारते आणि वर लिहिते: 'या पत्त्यावर राहत नाहीत. पाठवणाऱ्याकडे परत.' मग पेटीत टाकते. यात एक अक्षर खोटं आहे का? तुम्ही इथे राहत नाही. तुम्हीच निघून गेलात. पोस्टाच्या नियमात बसतं, मी विचारून घेतलं आहे.

तुमच्या भावाची दोन पत्रं परत गेली. दुसऱ्यावर त्यांनी 'अत्यंत तातडीचे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. लग्न झालंही असेल. तुम्ही आला नाहीत म्हणून ते चिडलेही असतील. पेन्शनचा फॉर्म परत गेला. दादांना आता कचेरीत जाऊन, मी जिवंत आहे, असं सांगावं लागेल. जाऊ देत. यांनाही इस्पितळात जाऊन, आम्ही का आलो नाही, ते सांगावं लागलं होतं.

आज सकाळीच तीन पाठवली. त्यातलं एक पाठवताना तर फारच बरं वाटलं.

तुम्ही पत्र पाच आठवडे दाबून ठेवलंत. मी एक दिवससुद्धा ठेवत नाही. माझा कारभार तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे.

धाकटी


ता. १९ सप्टेंबर

प्रिय काकू,

इतके महिने मी लिहिलं नाही, आले नाही. तुला वाटलं असेल, पोरगी आईसारखीच निघाली. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. काकांचं ते पाकीट मी पाहिलं होतं. आमच्या फ्रीजवर पडलं होतं, बाकीच्या पत्रांबरोबर. मी आईला म्हटलं, "हे काकूकडे पाठवायला हवं." ती म्हणाली, "हवं असेल तर येईल न्यायला. येऊ दे एकदा माझ्या दारात." आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नव्हतं म्हणून गप्प बसले, हे काही उत्तर नाही. रोज पाणी घ्यायला फ्रीज उघडत होते, रोज ते पाकीट दिसत होतं.

आता तुझ्याकडे एक मागते. मागायचा हक्क नाही, तरी मागते.

मी नकाशे काढायच्या शाळेची परीक्षा दिली आहे. दोन वर्षांचा अभ्यास. जमीन मोजायची, तिचं चित्र कागदावर आणायचं, डोंगराची उंची केसाएवढ्या रेघांनी दाखवायची. काकांच्या शेजारी बसून बारीक बघायला शिकले नसते तर पास झाले नसते. आईला यातलं काही माहीत नाही. तिच्या मते मुलीने रानोमाळ दुर्बीण घेऊन फिरू नये. आमच्या घरी आलेलं पत्र कोणाच्या हातात राहतं, ते तुला मी काय सांगू! म्हणून अर्जावर मी तुझा पत्ता दिला. माझ्या नावाचं जाड पिवळं पाकीट येईल. ते माझ्यासाठी जपून ठेव. त्यातलं पत्र घेऊन ३० तारखेच्या आत हजर व्हायचं आहे. मी २५ ला न्यायला येते. तेव्हा काकांच्या पायाही पडेन.

मला लिहायचं झालं तर मी काम करते त्या वाचनालयाच्या पत्त्यावर लिही. पत्ता मागे आहे.

तुझी
बारकी


ता. ८ ऑक्टोबर

बारके,

२५ ला तू आलीस तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं असेल, काका-काकू बाहेरगावी गेलेत. आम्ही बाहेरगावी नव्हतो. मी आत होते. बाहेरून कुलूप लावायला मीच तिला सांगितलं होतं. काका इस्पितळात तपासणीला गेले होते. तू तीनदा कडी वाजवलीस, मग खिडकीखाली उभी राहून "काकू" अशी हाक मारलीस. मी भिंतीला टेकून उभी होते.

पिवळं पाकीट १६ तारखेलाच आलं होतं. मी ते परत पाठवलं. तुझ्या आईची सगळी पत्रं मी परत पाठवते आहे, हे तुला तिने सांगितलं नसेल. पण मी न बघता पाठवलं असं समजू नकोस. तुझं नाव मी वाचलं. कसल्या तरी शाळेचं आहे, हेही वाचलं. पेन थांबलं होतं. मग मनात आलं, लेकीचं काही हुकलं की वहिनींना कळेल, घरातल्या माणसाचं हुकणं म्हणजे काय. आणि मी लाल रेघ मारली. तुला मांडीवर घेऊन मी भात भरवला आहे. त्याच हाताने मारली.

तुझं पत्र २२ ला आलं. तेव्हाच पळायला हवं होतं. तीन दिवस मी ते काकांपासूनही लपवून ठेवलं. तू येऊन गेलीस त्या रात्री काकांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या डोळ्याचा सूड मी मागितला होता का तुझ्याकडे?" दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच मला बसमध्ये बसवलं.

शाळेत पोचले २७ ला. कारकुनाच्या टेबलावर एका ट्रेमध्ये तुझं पाकीट होतं. माझंच अक्षर, माझीच लाल रेघ. मी म्हटलं, "हे चुकून झालं." तो भला माणूस होता, म्हणाला, "बाई, राहत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. आम्ही यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावलं. ती काल हजर झाली." मी त्याच्या मुख्यांकडे गेले. रडले. हात जोडले. ते म्हणाले, "आलेल्या मुलीला मी घालवू का, तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? पुढच्या वर्षी बसू दे म्हटलं, तर तुझं वय अटीत बसत नाही.

त्यांनी पाकीट मला दिलं. सोबत पाठवते आहे.

माफी मागत नाही. मी तुझ्या आईला कधी केली नाही, मला कोण करणार? तुझ्या काकांचा यात काही दोष नाही. त्यांच्यावर राग धरू नकोस.

काकू


ता. २ नोव्हेंबर

आई आणि काकू,

दोघींना हेच पत्र पाठवते आहे, शब्दाला शब्द तेच.

आईला मी सगळं सांगितलं. पाकिटाचं, शाळेचं, मी चोरून परीक्षा दिल्याचं. ती आधी काकूला वाटेल ते बोलली. मी विचारलं, "फ्रीजवरच्या पाकिटाचं काय?" तेव्हा ती खाली बसली आणि म्हणाली, "इस्पितळाचं आहे हे मी पाहिलं होतं. वाटलं, चष्म्याबिष्म्याचं असेल. ती एकदा माझ्या उंबऱ्यात उभी राहावी, एवढंच हवं होतं मला." हे काकूला आईने कधी लिहिलं नसतं, म्हणून मी लिहिते.

तुम्हा दोघींना एकमेकींचं काय दुखतं ते बरोबर ठाऊक आहे. काका आणि मी मध्ये होतो, एवढंच.

मला दुसऱ्या गावात एका कचेरीत काम मिळालं आहे, जुने नकाशे नव्या कागदावर उतरवून काढायचं. शिकलेल्यांनी मोजायचं, आम्ही गिरवायचं. बाबांना आणि काकांना मी भेटून आले. कुठे जाते ते त्यांनाही सांगितलं नाही, तेव्हा त्यांना छळू नका.

पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज दिला आहे, माझ्या एकटीच्या नावाने. लिहायचं असेल तर आईच्या घरच्याच पत्त्यावर लिहा. मला पोचेल. मी कुठे आहे ते पोस्टाला माहीत आहे, तेवढं पुरे.

उत्तर देईनच असं नाही.

बारकी


ता. २४ नोव्हेंबर

धाकटे,

ती गेली त्याला आज तेवीस दिवस झाले.

पोस्टात जाऊन मी खिडकीवरच्या माणसाला म्हटलं, "मी तिची आई आहे. नुसतं गावाचं नाव सांगा." तो म्हणाला, "अर्जदाराचा पत्ता आम्ही कोणालाच देत नाही." मी म्हटलं, "कोणाला म्हणजे? मी आई आहे." मागे रांग खोळंबली होती. एक बाई म्हणाली, "आजी, बाजूला व्हा ना." मी झाले.

मग घरी येऊन तिला पत्र लिहिलं. पाकिटावर आमचाच पत्ता घातला, आमचाच मजला, आमचंच दार. खाली जाऊन कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जिन्यात खुर्ची टाकून बसले. पोस्टमन आला, खालच्यांची पत्रं दिली, समोरच्यांचं मासिक दिलं आणि वळला. मी विचारलं, "आमचं काही नाही?" तो म्हणाला, "तुमच्या मुलीचं एक होतं. ते पुढे गेलं."

अशी सहा गेली. एकाचंही उत्तर नाही.

तुझ्यावर मी थुंकले असते, समोर असतीस तर. आजही. आणि तूही माझ्यावर. ते काही जायचं नाही, आणि जावं असं मी म्हणतही नाही. भाऊजींच्या डोळ्याचं मी केलं, हे मात्र इथे स्वतःच्या हाताने लिहून देते. हवं त्याला दाखव.

तू तिला लिही. लहानपणापासून ती माझ्यापेक्षा तुझ्याकडे जास्त असायची. तेव्हा मला त्याचा राग यायचा, आता त्याच्यावरच माझी भिस्त आहे. तुला ती उत्तर देईल. दिलं तर मला पत्र दाखवू नकोस, काय लिहिलंय ते सांगू नकोस, कुठून आलं तेही सांगू नकोस.

नुसतं आलं, एवढं कळव.

वहिनी